गप्प बसण्याचा तास

मास्तरनं आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. तो हॉस्पिटलच्या तळघरात तंत्रज्ञ होता. ज्या विभागाच्या दारावर पिवळ्या पाटीत तीन काळ्या पाकळ्यांचं चिन्ह असतं आणि ज्याच्यासमोरून जाताना वरच्या मजल्यांवरचे लोक उगाचच भराभर पावलं उचलतात, त्या विभागात. मास्तर हे नाव त्याला तिथल्या एका खोलीनं मिळवून दिलं होतं.

खोलीच्या भिंतींत शिसं भरलेलं. खिडकी नाही. मागे रेलणाऱ्या तीन खुर्च्या, त्यांच्यामध्ये जाड आडोसे, छतात एक कॅमेरा. इथे पेशंटला किरणोत्सर्गी साखरेचं इंजेक्शन द्यायचं आणि तासभर बसवून ठेवायचं. साखर आपल्या रक्तात असते जवळजवळ तशीच, फक्त तिला एक कण चिकटवलेला, जो काही तास चमकतो आणि विझून जातो. शरीरात जो भाग जास्त खादाड तो ही साखर जास्त ओढतो. मेंदू खातो, हृदय खातं, आणि कॅन्सरची गाठ तर दुष्काळातून आल्यासारखी खाते. तासानंतर पेशंटला मशीनमध्ये सरकवलं, की कुणी कुठे ताव मारला ते पडद्यावर उजळून दिसतं. वरच्या मजल्यावर याच विभागाच्या दोन खोल्या होत्या. तिथे थायरॉइडच्या पेशंटला आयोडीनची गोळी देऊन दोनतीन दिवस एकटं ठेवत, आणि तीच किरणं तिथे गाठ जाळायच्या कामाला लावत. पण तो वरचा कारभार. मास्तरचं राज्य खाली.

गोम अशी, की या तासात जो स्नायू काम करेल तोही साखर खातो. एक बाई चोरून विणत बसली होती, तर तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत उजळले. एकानं च्युइंग गम चघळलं, त्याचा जबडा पेटला. आणि जो बोलेल त्याचा गळा. म्हणून मास्तरचे नियम होते: बोलायचं नाही, वाचायचं नाही, फोन नाही, गुणगुणायचं नाही, शेजारच्याला खुणा करायच्या नाहीत. आता ज्याला कॅन्सर पसरलाय की नाही हे कळायचंय, त्यालाच तोंड मिटून बसा म्हणायचं, म्हणजे कठीणच. पण मास्तरपुढे कुणाची डाळ शिजत नसे. एकदा एका मंत्र्याच्या मेहुण्याला त्यानं आजोबांनी नातवाला गप्प करावं तसं गप्प केलं होतं. चोवीस वर्षांत त्याच्या हातून गेलेल्या फोटोत कुणाचा गळा उजळला नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

दुसरा नियम त्याचा स्वतःसाठी होता. काय दिसलं ते पेशंटला सांगायचं नाही. तंत्रज्ञानं फोटो काढावा, निदान डॉक्टरांनी करावं. "डॉक्टर सांगतील," हे दोन शब्द तो दिवसातून दहा वेळा म्हणे.

त्या मंगळवारी सकाळच्या यादीत तिसरं नाव त्याच्या थोरल्या भावाचं होतं.

त्यानं ते दोनदा वाचलं. वय जुळलं, पत्ता जुळला. डाव्या फुप्फुसात दोन सेंटिमीटरची गाठ; दुसरीकडे कुठे नसेल तर गुरुवारी ऑपरेशन, असेल तर ऑपरेशन रद्द, नुसती औषधं. आधीचे आजार, ऑपरेशनं या रकान्यात "विशेष नाही" असं लिहिलेलं. दुसरी तंत्रज्ञ, जिला सगळे धाकटी म्हणत, मशीनवर होती. साखर सकाळी शिशाच्या डब्यातून आली होती आणि दर दोन तासांनी निम्मी होत होती. ती कुणाच्या घरगुती भानगडींसाठी थांबत नाही.

अकरा वर्षं दोघा भावांत अबोला होता. अबोल्याचं कारणही याच तळघरातलं होतं. बाबांची पाठ दुखायची म्हणून मास्तरनंच ओळखीनं त्यांचा हाडांचा स्कॅन करवून घेतला होता, आणि मशीनवर स्वतः बसला होता. पाठीच्या मणक्यांत, बरगड्यांत आणि उजव्या खुब्यात डाग दिसले. खुब्यातला सगळ्यात मोठा. बाहेर दादा उभा होता. "काय दिसलं रे?" त्यानं विचारलं. मास्तर म्हणाला, "डॉक्टर सांगतील." मधे शनिवार-रविवार आला, डॉक्टर परगावी गेले होते, रिपोर्टला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत दादानं बाबांना रोज जिना चढायला-उतरायला लावला. बसून बसून अंग आखडलंय, असं त्याचं मत. चौथ्या दिवशी सकाळी चौथ्या पायरीवर खुबा मोडला. बाबा परत उभे राहिले नाहीत, आणि दोन महिन्यांनी गेले.

"तुला माहीत होतं," दादा म्हणाला होता.

"मला काय कळतंय? मी फक्त फोटो काढतो," मास्तर म्हणाला होता. हे खोटं होतं. डाग काय असतो आणि खुब्यातला डाग काय करू शकतो, हे त्याला डॉक्टरइतकंच कळत होतं. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं, आणि मग ते धरून बसणं भाग पडलं. दादानं त्या दिवशी बोलणं टाकलं.

आता तो खुर्चीत बसला होता, अंगावर ब्लँकेट, बाही वर केलेली. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. बाकीच्या दोन खुर्च्या एव्हाना रिकाम्या झाल्या होत्या. अबोल्यातली माणसं कामापुरतं बोलतात तेव्हा समोरच्याला तू म्हणत नाहीत आणि तुम्हीही म्हणत नाहीत. मास्तरनं तोच मार्ग धरला.

"मूठ वळायची."

दादानं वळली. शीर लगेच सापडली. घरात सगळ्यांच्याच शिरा चांगल्या होत्या.

"सोडायची. आता एक तास बोलायचं नाही. हलायचं नाही."

इंजेक्शन संपलं. सुई काढून, कापूस दाबून मास्तर वळला. इंजेक्शननंतर पेशंटच किरणं सोडत असतो, म्हणून तिथे रेंगाळायचं नसतं. खिशाला लावलेलं छोटं मीटर अंगावर किती किरणं पडली ते मोजायला असतं. तो दारापर्यंत गेला.

"दुकान बंद झालं," दादा म्हणाला.

आवाज ओळखू आला नाही. घोगरा, चिरका, फुटक्या भोंग्यातून यावा तसा. मास्तर थांबला.

"चष्म्याचं. मालकाच्या पोरानं कंप्युटरचं मशीन आणलं. ते तासाला चाळीस भिंगं घासतं. मी दिवसाला तीस घासायचो. मग मला म्हणाला, काका, तुम्ही काउंटरवर बसा. मी काउंटरवर बसलो. चार महिने बसलो. लोकांना फ्रेम चांगली दिसते का, ते सांगायचं. मला कुणालाच चांगली दिसतेय असं वाटेना. मग घरी बसलो."

खरं म्हणजे इथेच मास्तरनं बोट ओठांवर ठेवायला हवं होतं. तोंड उघडलंही त्यानं. पण त्याच्या लक्षात आलं, की आपण याला गप्प केलं तर तो पुन्हा बोलेलच असं नाही. फुप्फुसात गाठ असलेल्या माणसाच्या बाबतीत असा हिशेब कुणी मांडू नये, पण मास्तरनं तो मांडला. त्याला ऐकायचं होतं. तो परत आला आणि आडोशाशी उभा राहिला.

दादाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. बाबांबद्दल एक शब्द नाही, भांडणाबद्दल नाही. अकरा वर्षांत काय काय घडलं ते त्यानं ओळीनं, एखाद्यानं सुट्टीवरून आलेल्या सहकाऱ्याला कामाची पाळी सोपवावी तसं सांगायला घेतलं. पोरगी दूरच्या शहरात नोकरीला लागली; फोन रविवारी करते आणि आईशीच बोलते. वहिनीचा गुडघा गेला. वरच्या मजल्यावरच्यांनी न्हाणीघर बदललं आणि यांचं छत गळायला लागलं. चार वेळा माणूस आला आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी भोक पाडून गेला. एक कुत्रा पाळला होता, तो पोस्टमनवर इतका खूश असायचा की पत्रं फाडायचा.

"आणि हा आवाज," दादा म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी गळ्यातली गाठ काढली. थायरॉइडची. साधीच निघाली. पण काढताना एक नस दुखावली. गळ्यात आवाजाच्या दोन दोऱ्या असतात म्हणे. त्यातली डावी तेव्हापासून आडवी पडलीये. सगळा संसार उजवीवर. एक झोपून, एक राबतेय. तुझ्या वहिनीला म्हटलं, आपल्यासारखंच आहे. तर ती म्हणाली, झोपलेलं कोण ते सांग आधी."

मास्तर हसला. दादाही हसला, आणि हसताना खोकला.

सहा वर्षांपूर्वी भावाच्या गळ्यावर सुरी फिरली आणि आपल्याला पत्ता नाही, हे मास्तरला त्या क्षणी फार लागलं. त्याच्या खिशावरच्या मीटरवरचा आकडा महिन्याभरात चढतो तेवढा चढला होता. त्यानं तो बघितला आणि मीटर पुन्हा खिशाला अडकवलं. पन्नास मिनिटं दादा बोलला आणि पन्नास मिनिटं मास्तर उभा राहिला. मग धाकटीनं दारावर टकटक केली. दादा लघवी करून आला आणि मशीनच्या फळीवर आडवा झाला.

प्रत्येक पेशंटबरोबर एक कागद जातो. इंजेक्शनची वेळ, कोणता हात, आणि शेवटी: पेशंट शांत होता का. मास्तरच्या हातानं तिथे "हो" लिहिलं आणि सही केली. मुद्दाम खोटं लिहिलं असं नव्हे. चोवीस वर्षं हात तिथे हेच लिहीत आला होता, तसंच त्यानं लिहिलं. पण सही ती सही.

मशीननं वीस मिनिटं घेतली. पडद्यावर आधी मेंदू आला, मग मान.

"अगंबाई," धाकटी म्हणाली. "गळ्यात आहे हो. उजव्या बाजूला."

बोलणाऱ्याचा गळा दोन्ही बाजूंनी सारखा उजळतो, हे शिकाऊलाही माहीत असतं. इथे एकाच बाजूला घट्ट, गोल, पिवळा ठिपका होता, एखाद्या गाठीचा असावा तसा. खाली फुप्फुसातला ठिपका होताच. बाकी सगळं शरीर स्वच्छ. मास्तरला दादाचे शब्द आठवले. एक झोपून, एक राबतेय. पण हे त्याला वाटत होतं म्हणून तसंच असेल असं कुठे होतं? खरीखुरी गाठही असू शकत होती.

दादा कपडे घालून बाहेर आला. बाकावर वहिनी बसली होती. अकरा वर्षांत ती बारीक झाली होती, आणि काठी टेकत उठली.

"काय दिसलं हो भावोजी?"

"त्याला विचारू नकोस," दादा म्हणाला. "फोटो काढणाऱ्यांना सांगता येत नसतं." आवाजात राग नव्हता. मास्तरची अडचण होऊ नये म्हणून तो तसं म्हणाला, आणि तेच मास्तरला सहन झालं नाही.

"बसा इथेच," तो म्हणाला. "जाऊ नका."

डॉक्टरीणबाई त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या. आपल्या खोलीत दोन पडद्यांसमोर बसून त्या रिपोर्ट सांगत होत्या आणि कंप्युटर तो टिपत होता. 'गळ्यात उजव्या बाजूस संशयास्पद' इथपर्यंत रिपोर्ट आला होता.

"मास्तर, सर्जनचा दोनदा फोन आला. गुरुवारचं ऑपरेशनचं टेबल सोडू का विचारतायत. ही मान बघा. आता आधी इथला तुकडा काढून तपासायला लागणार. त्यात आठवडा-पंधरा दिवस जातील, आणि दुसऱ्या जागी निघालं तर ऑपरेशनच बाद."

"मॅडम, पेशंट बोलत होता."

त्या वळल्या. "किती?"

"पन्नास मिनिटं."

डॉक्टरीणबाईंनी कागद उचलला, वाचला आणि त्याच्यासमोर धरला. "इथे तुमची सही आहे."

"आहे. चुकीचं लिहिलंय. मी तिथेच उभा होतो."

"तुम्ही उभे होता आणि तो पन्नास मिनिटं बोलला?" त्यांना हे खरंच समजेना. नेहमी वेळेवर येणारी गाडी रुळावरून उतरली की लोक जसे आधी गोंधळतात आणि मग चिडतात, तशा त्या आधी गोंधळल्या. "का?"

"भाऊ आहे माझा. अकरा वर्षं बोलत नव्हता."

त्या चिडल्याच. आवाज न चढवता, पण शब्द मोजून. ही नोंद होणार, मीटरचा आकडा सुरक्षा अधिकाऱ्याकडे जाणार, आणि मास्तरनं महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मास्तर मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "डाव्या बाजूची दोरी सहा वर्षांपासून पडलीये. थायरॉइड काढताना. फॉर्मवर नाही, पण आज बोलताना सांगितलं त्यानं. म्हणजे बोलताना उजवीच एकटी..."

डॉक्टरीणबाई पडद्याकडे वळल्या. मान मोठी केली, उलटसुलट फिरवली.

"जुळतंय," त्या म्हणाल्या. "पण भावानं सांगितलं म्हणून मी लिहू शकत नाही. घशाचे डॉक्टर वर आहेत. दुर्बीण घालून आत्ता बघू दे. उजवी धडधाकट निघाली तर मी हे वाक्य काढते. पेशंटला मी येऊन सांगते."

"मी सांगू?"

"तुम्ही? तुम्ही तर लोकांना घड्याळात किती वाजले तेही सांगत नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सांगा. पण माहीत आहे तेवढंच."

मास्तर बाकाशी आला. पेशंटपासून चार हात लांब उभं राहायचं असतं, पण तो दादाच्या शेजारी बसला. माहीत असलेलं सांगणं सोपं, असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं, कारण त्यानं ते कधी केलं नव्हतं.

"फुप्फुसात आहे ते तेवढंच आहे," तो म्हणाला. "यकृत, हाडं, सगळं स्वच्छ. पण गळ्यात उजवीकडे काहीतरी उजळलंय. मला वाटतं ते तू बोललास म्हणून. डावी पडलेली, एकट्या उजवीनं काम केलं. पण नक्की नाही. गाठही असू शकते. ती असली तर गुरुवारचं ऑपरेशन होणार नाही. आत्ता वर जाऊन दुर्बिणीतून बघणार आहेत."

वहिनीनं काठी घट्ट धरली. दादानं हे सगळं तोंड जरा उघडं ठेवून ऐकलं.

"म्हणजे मी बोललो ते चुकलं."

"तुझं नाही. मी थांबवायला हवं होतं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"मला ऐकायचं होतं."

तिघं लिफ्टनं वर गेले. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली, ई म्हणा म्हणाले, पुन्हा म्हणा म्हणाले. मास्तर दारात उभा होता. छोट्या पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. डावी निपचित पडलेली. उजवी प्रत्येक ईला मधली रेघ ओलांडून पलीकडे जात होती, डावीला गाठायला. डॉक्टरांनी ती वरून, खालून, कडेनं बघितली.

"उजवी गुळगुळीत आहे," डॉक्टर म्हणाले. "काही नाही. बिचारी दुप्पट राबतेय एवढंच."

खाली डॉक्टरीणबाईंनी वाक्य काढलं आणि सर्जनला फोन केला. टेबल गुरुवारचं कायम राहिलं. गाठ काढल्यावर पुढे काय निघेल ते कुणालाच माहीत नव्हतं, पण ऑपरेशन होणार होतं.

मास्तर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. बाहेर ऊन होतं. वहिनी रिक्षा बघायला दोन पावलं पुढे गेली, आणि दादा भिंतीला टेकून उभा राहिला.

"बाबांच्या वेळी," तो म्हणाला. "तुला दिसलं होतं?"

उत्तर अकरा वर्षं तयार होतं. मास्तरनं ते बाजूला ठेवलं.

"दिसलं होतं. खुब्यात. त्याच दिवशी. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं."

दादानं मान हलवली, बरेच दिवस माहीत असलेली गोष्ट कुणी पुन्हा सांगावी तशी.

"ते नको म्हणत होते," तो म्हणाला. "रोज म्हणायचे, दुखतंय, नको. मी म्हणायचो, नाटकं करू नका. हाताला धरून चढवायचो." त्याचा आवाज जेमतेम उरला होता. "तुला माहीत होतं, एवढंच मी धरून बसलो. ते सोडलं असतं तर मग जिनाच राहिला असता."

हे मास्तर आधी कधी समजलाच नव्हता, आणि समजून घ्यायचा प्रयत्नही केला नव्हता. त्यानं दादाचा दंड धरला. ज्या हातात इंजेक्शन दिलं होतं तोच हात होता, आणि सोडायला हवा होता, पण त्यानं सोडला नाही.

"गुरुवारी ये," दादा म्हणाला. "सकाळी सातला आत नेणार आहेत. शुद्धीवर आलो की काय निघालं ते तू सांग. हिला जमायचं नाही, ही आधी रडायला लागते."

"मी कशाला रडते?" वहिनी रिक्षाजवळून म्हणाली. तिचा आवाज आधीच भरून आला होता.

"चांगलं निघालं नाही तर?" मास्तरनं विचारलं.

"तरी सांग," दादा म्हणाला, आणि रिक्षात बसला.